एडिटरमागची काळी विंडो घालवावी, पण चुकांचा संदेश दडपू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विंडोजवर काही टेक्स्ट एडिटर (साधा मजकूर लिहिण्याचे प्रोग्रॅम) उघडले की त्यांच्यामागे एक रिकामी काळी विंडो उघडते आणि एडिटर चालू असेपर्यंत तशीच राहते. हा केवळ दिसण्याचा प्रश्न आहे असे समजून तो बहुधा सोडून दिला जातो. मला तो त्याहून गंभीर वाटतो. संगणकाची फारशी सवय नसलेल्या माणसाला ती विंडो चुकून उघडी राहिल्यासारखी वाटते, तो फुलीवर क्लिक करून ती बंद करतो आणि तिच्याबरोबर एडिटरही नाहीसा होतो. ही काळी विंडो म्हणजे कन्सोल, प्रोग्रॅमने अक्षरांतून संदेश छापण्याची जागा. कन्सोलची विंडो बंद झाली की विंडोज त्या कन्सोलला जोडलेल्या प्रोग्रॅमना तशी सूचना देते, आणि प्रोग्रॅमने त्या सूचनेची स्वतः दखल घेण्याची सोय केलेली नसेल तर तो तिथल्या तिथे संपवला जातो. बदल सेव्ह करायचे का, हा नेहमीचा प्रश्न अशा वेळी विचारला जाण्याची खात्री नसते. ज्या एडिटरमध्ये मजकूर आपोआप जतन होतो तिथे निदान एक प्रत सापडू शकते. इतरत्र लिहिलेले सगळे जाते.

हे का घडते, ते समजायला कठीण नाही. विंडोजवरील प्रत्येक एक्सई फाइलच्या (म्हणजे प्रोग्रॅमच्या फाइलच्या) शीर्षभागात हा प्रोग्रॅम कोणत्या प्रकारचा आहे हे सांगणारा एक आकडा असतो. २ असेल तर तो स्वतःच्या विंडो काढणारा प्रोग्रॅम, ३ असेल तर कन्सोलवर चालणारा. डेस्कटॉपवरील चिन्हावर डबल-क्लिक करून कन्सोलवर चालणारा प्रोग्रॅम सुरू केला, तर त्याची पहिली ओळ चालण्याआधीच विंडोज त्याच्यासाठी नवा कन्सोल उघडून ठेवते. त्यामुळे एडिटरने सुरू झाल्यावर स्वतःच कन्सोल लपवायचा म्हटले, तरी क्षणभर काळी चमक दिसायची ती दिसतेच. उपाय करायचा तो प्रोग्रॅम तयार करतानाच, किंवा तो सुरू करण्याच्या पद्धतीत.

म्हणूनच अनेक ठिकाणी जोडीने फाइली दिलेल्या असतात, एक कन्सोलसह चालणारी आणि एक त्याशिवाय. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेबरोबर ‘पायथनडब्ल्यू’ येते, जावा या भाषेबरोबर ‘जावाडब्ल्यू’, आणि व्हिम या एडिटरला स्वतंत्र विंडोत चालणारे ‘जीव्हिम’ हे भावंड आहे. ईमॅक्स या एडिटरमध्ये मुख्य फाइल कन्सोलच्या प्रकारची असल्यामुळे ‘रनईमॅक्स’ नावाची छोटी फाइल सोबत दिली जाते आणि ती मुख्य प्रोग्रॅमला कन्सोल न दाखवता सुरू करते. एवढे असूनही वापरणारा एका जागी हमखास अडकतो. ‘रनईमॅक्स’ने उघडलेल्या एडिटरचे चिन्ह त्याने टास्कबारवर पिन केले, तर प्रत्यक्षात पिन होते ती मुख्य फाइल, आणि पुढच्या वेळी काळी विंडो परत येते. त्या पिन केलेल्या शॉर्टकटच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन टार्गेटच्या चौकटीतील फाइलचे नाव बदलून ‘रनईमॅक्स’ केले की काम होते. पण हे कोणी सांगितल्याशिवाय सामान्य वापरकर्त्याला सुचेल, अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

याऐवजी सर्रास सुचवल्या जाणाऱ्या तडजोडी मला पटत नाहीत. बॅच फाइलमधून (आज्ञांची यादी असलेल्या फाइलमधून) एडिटर सुरू केला तर त्या बॅच फाइलचाच कन्सोल आधी चमकून जातो. शॉर्टकटला ‘मिनिमाइज्ड’ असे सांगितले तर विंडो टास्कबारवर उरते आणि बंद केली जाण्याचा धोकाही उरतो. विंडोजमधील व्हीबीस्क्रिप्ट या भाषेच्या दोन ओळी लिहून, ‘रन’ या आज्ञेला शून्य हा आकडा देऊन विंडो लपवता येते हे खरे. मात्र मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये ती भाषा कालबाह्य ठरवली आहे आणि टप्प्याटप्प्याने ती विंडोजमधून काढली जाणार आहे. शिवाय लपलेल्या विंडोत काहीतरी चालवणे ही घातक प्रोग्रॅमचीही आवडती रीत असल्यामुळे अँटिव्हायरसने अशा फाइलवर संशय घेतला तर त्याला दोष देता येणार नाही.

माझा खरा आग्रह मात्र पुढच्या मुद्द्यावर आहे. काळ्या विंडोत चुकांचे संदेशही छापले जात असतात. कन्सोल काढून टाकला आणि त्या संदेशांची दुसरी सोय केली नाही, तर एडिटर बिघडल्यावर वापरणाऱ्याला काहीच कळत नाही. ‘पायथनडब्ल्यू’ने चालवलेल्या प्रोग्रॅमला लिहायला नेहमीचा आउटपुटही नसतो आणि चुकांचा प्रवाहही नसतो, त्यामुळे सुरुवातीलाच एखादी चूक झाली तर चिन्हावर कितीही क्लिक केले तरी पडद्यावर काही उमटत नाही. पायथनसोबत येणारा ‘आयडल’ हा एडिटर असा गप्प राहिला, तर तो कमांड प्रॉम्प्टवरून (आज्ञा टाइप करण्याच्या कन्सोलवरून) साध्या पायथनने चालवून पाहावा लागतो. तेव्हा कुठे चूक वाचायला मिळते. जाणकार माणूस हे करील. बाकीचे एडिटर काढून टाकतील आणि पुन्हा त्याच्या वाटेला जाणार नाहीत. म्हणून कन्सोल काढणाऱ्या प्रत्येक निर्मात्याने चुका एका लॉग फाइलमध्ये (नोंदींच्या फाइलमध्ये) लिहाव्यात आणि एडिटर सुरूच होऊ शकला नाही तर साध्या संदेशचौकटीत कारण व त्या फाइलची जागा दाखवावी. हे काम फार मोठे नाही, आणि ते टाळण्याला मला कोणतेही सबळ कारण दिसत नाही.

तीच काळजी एडिटरने स्वतः चालवलेल्या प्रोग्रॅमबाबतही घ्यायला हवी. शुद्धलेखन तपासणारा किंवा फाइलींमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटसारखा प्रोग्रॅम एडिटर पाठीमागे सुरू करतो, तेव्हा दर वेळी काळी विंडो चमकून लिहिणाऱ्याचे लक्ष विचलित होऊ शकते. विंडो न काढता प्रोग्रॅम सुरू करण्याची खूण विंडोजमध्ये आहे आणि पायथनने ती ३.७ या आवृत्तीपासून थेट उपलब्ध करून दिली आहे.

लिनक्सवर डेस्कटॉप फाइलमध्ये ‘टर्मिनल’पुढे ‘फॉल्स’ लिहिले की मेनूतून उघडताना बहुतेक काम भागते. टर्मिनलमधून, म्हणजे तिथल्या आज्ञा टाइप करण्याच्या विंडोतून, उघडलेला एडिटर टर्मिनलबरोबर बंद पडू शकतो, पण जीव्हिम तिथे स्वतःहून टर्मिनलपासून वेगळा होतो. गिटने एडिटर उघडला असताना लिहून होईपर्यंत तो वेगळा न होता टर्मिनलला जोडलेला राहायला हवा असेल, तर तसे सांगण्याचा पर्यायही आहे.

विंडोजमधली जुनी अडचण अशी होती, की एकच फाइल कमांड प्रॉम्प्टवरून नीट चालावी आणि डबल-क्लिकवर कन्सोलही उघडू नये, हे दोन्ही एकत्र साधत नसे. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रोग्रॅमच्या मॅनिफेस्टमध्ये (प्रोग्रॅमविषयीची माहिती विंडोजला देणाऱ्या जोडमजकुरात) कन्सोल कधी मिळावा याचे धोरण लिहिता येते. तिथे ‘डिटॅच्ड’ असे नमूद केले, तर कमांड प्रॉम्प्टवरून सुरू झालेला प्रोग्रॅम तिथलाच कन्सोल वापरतो आणि डेस्कटॉपवरून सुरू झाल्यास नवा कन्सोल उघडला जात नाही. जुन्या विंडोजवर ही सोय मिळत नसल्याने जोडीच्या फाइली अजून काही वर्षे द्याव्याच लागतील, आणि इन्स्टॉलरने डेस्कटॉपवर ठेवलेला शॉर्टकट त्यांपैकी कन्सोल न उघडणाऱ्या फाइलचाच असावा.

आपल्या वृत्तपत्रात संगणकवापराविषयी मार्गदर्शनपर मजकूर छापला जाईल तेव्हा, शॉर्टकटचे टार्गेट कसे तपासावे आणि काळी विंडो बंद करण्याआधी एडिटरमधील काम सेव्ह का करावे, या दोन गोष्टींना त्यात जागा द्यावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक वाचक