बातमी आदल्या दिवशी हवी

प्रति,
मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या दैनिकाच्या गोंदिया जिल्हा पानासाठी एक मागणं आहे. गावोगावी घडून गेलेल्या गोष्टी तुम्ही छापता, तशा घडणार असलेल्याही छापा. आठवड्यातून एकदा, शनिवारच्या अंकात, अर्ध्या रकान्याची जागा द्या. फाल्गुन आणि चैत्र या दोन महिन्यांत तरी द्याच. का म्हणतो, ते सविस्तर लिहितो.

मी अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या जंगलाला लागून असलेल्या एका गावात आपला पेपर वाटतो. पहाटे फाट्यावर जीप गठ्ठा टाकून जाते, तिथून सायकलवर आमचं गाव आणि पुढच्या दोन टोल्या, म्हणजे लहान वस्त्या. पेपर हातात दिल्यावर माणूस पहिलं पान उघडत नाही, आमच्या जिल्ह्याचं पान शोधतो. पानठेल्यावरची म्हातारी माणसं मला थांबवून विचारतात, "का आलं जी पेपरात आपल्या इकडलं?" या प्रश्नाला बहुतेक वेळा माझ्याकडे जे उत्तर असतं, ते त्यांना आधीच ठाऊक असतं. भूमिपूजन झालं, सत्कार झाला, वाढदिवस साजरा झाला, शिबिर पार पडलं. त्यातल्या निम्म्या कार्यक्रमांना ते स्वतः मांडवात बसलेले असतात.

माझा मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. भरतीत त्याला रत्नागिरी जिल्हा मिळाला. आपल्या भागातली किती तरी पोरं अशी कोकणातल्या शाळांवर गेली आहेत, हे तुम्हाला सांगायला नको. तो दापोली तालुक्यात हर्णैजवळ राहतो. या फाल्गुनात मी आणि घरची त्याच्याकडे गेलो होतो. विदर्भ एक्स्प्रेसने मुंबई, पुढे कोकण रेल्वेने खेड, तिथून एसटीने दापोली. होळी तिकडेच केली आणि पाडव्याच्या आत परत आलो.

तिथे सकाळी शेजाऱ्यांचा पेपर वाचायला मिळायचा. सवयीने मी स्थानिक पानच आधी उघडायचो. शिमग्याचे दिवस होते. ग्रामदेवतेची पालखी कोणत्या गावात, कोणत्या वाडीत, कोणत्या दिवशी जाणार, हे त्या पानावर आधी यायचं. देवळाच्या फळ्यावरही तेच खडूने लिहिलेलं. कोकणात शिमगा एका रात्रीचा नसतो. फाल्गुन शुद्ध पंचमीपासून सुरू होतो आणि होळीनंतरही पालखी घरोघर फिरत राहते. मुंबईला नोकरी करणारा माणूस त्या तारखा बघून रजा टाकतो. आपल्या दारात देवी येणार त्या दिवशी घर उघडं असलं पाहिजे, अंगण सारवलेलं असलं पाहिजे, ओटीचं सामान तयार असलं पाहिजे. आम्ही राहत होतो त्या वाडीत पालखी आली तेव्हा माझ्या बायकोनेही देवीची ओटी भरली. खेळे आले, काळे कपडे आणि उंच टोपी घातलेला संकासूर आला, पोरं त्याच्यामागे पळत सुटली. रात्री उशिरा वाडीतल्या एका घरासमोर पालखी नाचवली. त्या घरातली म्हातारी दिवसभर दारात बसून होती, कारण तारीख तिला माहीत होती.

संध्याकाळी हर्णैच्या बंदरावर जायचो. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग दिसतो. गेल्या वर्षी, 2025 मध्ये, युनेस्कोच्या यादीत आपले जे किल्ले गेले, त्यात हाही आहे. पण मी बघत राहायचो ते बैलांकडे. होड्या किनाऱ्याला टेकत नाहीत, थोड्या आत थांबतात, आणि बैलगाड्या थेट समुद्राच्या पाण्यात नेऊन माल बाहेर काढतात. गुडघाभर खाऱ्या पाण्यात शांत उभी राहिलेली ती बैलजोडी पाहून माझ्यासारख्या धानवाल्या माणसाच्या पोटात कालवलं. मग वाळूवरच लिलाव सुरू होतो. पापलेट, सुरमई, कोळंबी यांच्या राशी, भोवती बायकांचा घोळका, बोली वर चढत जाते. लिलाव कधी सुरू होणार हे दापोलीपर्यंतच्या खानावळवाल्याला माहीत असतं, म्हणून तो वेळेवर पोचतो, आणि गिऱ्हाईक वेळेवर पोचलं की मासा विकणाऱ्या बाईला भाव मिळतो.

तिसरी गोष्ट कासवांची. आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवं थंडीत येऊन वाळूत अंडी घालतात. एकेका घरट्यात शंभराच्या आसपास. कुत्री-कोल्ही उकरतात म्हणून गावातले कासवमित्र ती अंडी काढून कुंपणाच्या आत तशाच खड्ड्यात पुरतात, आणि साधारण दीड-दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर येतात. हे काम मंडणगड तालुक्यातल्या वेळासला 2002 साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने सुरू केलं. वेळास म्हणजे नाना फडणवीसांचं मूळ गाव. आज पिल्लं निघतील का, याची खात्री कुणी देत नाही. पण कोणत्या दिवसांत घरटी भरत आली आहेत, सकाळी किती वाजता आणि संध्याकाळी किती वाजता पिल्लं सोडतात, एवढं आधी जाहीर होतं. त्या माहितीवर पुण्या-मुंबईची माणसं येतात, गावातल्या घरांत राहतात, तिथेच जेवतात. एक चार ओळींची सूचना किती घरांत चूल पेटवते, हे मी डोळ्यांनी पाहिलं. तिथे एक काका मला म्हणाले, "तुमच्याकडे तर वाघ असतो, मग तुमच्याकडे बातम्यांना काय तोटा?"

वाघाचंच सांगतो, कारण हे पत्र मुख्यतः त्यासाठीच आहे.

आम्ही परत आलो तेव्हा मोह गळायला लागला होता. मोहफूल रात्रीतून आणि पहाटे गळतं. ऊन चढायच्या आत आणि जनावरांच्या तोंडी लागायच्या आत वेचावं लागतं, म्हणून बायामाणसं अंधारातच टोपली घेऊन निघतात. वेचणारा माणूस खाली वाकलेला असतो. दर साल याच दिवसांत पूर्व विदर्भातून बातमी येते, मोहफूल वेचायला गेलेली महिला वाघाच्या हल्ल्यात ठार. ती बातमी तुम्ही छापता, फोटोसकट छापता. माझ्या हातून तो अंक घरोघर जातो. वाचणाऱ्या बायका दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच जंगलात जातात, कारण मोह हा त्यांचा पैसा आहे, चैत्रातला एकमेव रोकडा. त्यांना जाऊ नका सांगून भागणार नाही. कुठे जाऊ नका आणि कधी जाऊ नका, हे सांगितलं तर त्या ऐकतात.

ही माहिती असते कुणाकडे? वनरक्षकाकडे असते. नवेगाव-नागझिरा 2013 साली व्याघ्र प्रकल्प झाला. 2023 मध्ये ब्रह्मपुरीकडच्या जंगलातून वाघिणी आणून इथे सोडल्या. वनखात्याचे लोक वाघांच्या मागावर असतात, कॅमेरे लावलेले असतात, कोणत्या नाल्याच्या बाजूला पिल्लांसह वाघीण आहे हे त्यांना कळतं. गावात ते तोंडी सांगितलं जातं, कोतवालामार्फत दवंडीही होते. पण दवंडी एका गावापुरती. शेजारच्या टोलीतली बाई त्याच जंगलात दुसऱ्या वाटेने शिरते, तिच्यापर्यंत काहीच गेलेलं नसतं. पेपर मात्र दोन्हीकडे जातो.

कुणी म्हणेल, आता सगळं व्हॉट्सॲपवर येतं. येतं खरं, आणि तीच अडचण आहे. दुसऱ्या राज्यातल्या वाघाचा व्हिडिओ आमच्या नाल्याचा म्हणून फिरतो. आठ दिवस गाव घाबरून बसतं, नवव्या दिवशी कशावरच विश्वास ठेवत नाही, आणि खरी सूचना येते ती नेमकी तेव्हा. शिवाय जंगलाच्या आतल्या टोल्यांत रेंज नसते. छापलेल्या ओळीखाली तारीख असते, कुठल्या कार्यालयाने सांगितलं ते असतं. माणसं तो कागद घडी घालून ठेवतात.

मोहाबरोबर वणव्याचंही येतं. फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवतात आणि आग पुढे जाते. वनखातं 15 फेब्रुवारी ते 15 जून हा आगीचा काळ धरतं. झाडाखाली जुनी लुगडी किंवा जाळी अंथरली तर पेटवायची गरज पडत नाही, फूलही स्वच्छ मिळतं आणि स्वच्छ फुलाला भाव जास्त येतो. हे फेब्रुवारीच्या सुरुवातीला छापलं तर उपयोग. जंगल जळल्यावर 'वणव्यात वनसंपदा खाक' हा मथळा वाचून माझ्या गावातल्या कुणालाही नवीन काही कळत नाही, काळा झालेला डोंगर घरातून दिसत असतो.

तलावांचंही असंच आहे. आमच्याकडे मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, गावागणिक आहेत. कोहळी लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या बांधलेले. 1950 च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, गेली आणि तलाव सरकारकडे आले. चैत्र-वैशाखात पाणी खाली जातं तेव्हा ढिवरांच्या सहकारी संस्था मासे काढतात. मरळ, रोहू, कतला. ज्या दिवशी जाळं पडतं त्या दिवशी बांधावर ताजी मासळी असते, पण शेजारच्या गावाला ते दुपारनंतर कळतं. मग व्यापारी एकटाच उरतो आणि तो ठरवील तो भाव. हर्णैच्या वाळूवर उभा असताना मला सारखं आमच्या बांधावरच्या ढिवर बाया आठवत होत्या. त्यांच्या मासळीला कमी काय आहे? येणारं गिऱ्हाईक नाही एवढंच, आणि गिऱ्हाईक येत नाही कारण त्याला दिवस माहीत नाही. गाळ काढायचं काम कोणत्या तलावावर निघणार, गाळ शेतात न्यायला कधी मिळेल, हेही असंच. आधी कळलं तर लहान शेतकरी ट्रॅक्टर भाड्याने सांगून ठेवील. नाहीतर ज्याच्या दारात ट्रॅक्टर आहे तोच गाळ नेतो.

तेंदूपत्त्याचा हंगाम मेमध्ये. फळी, म्हणजे पानं विकत घेण्याची जागा, कुठे बसणार, 70 पानांच्या पुड्याला यंदा काय दर, ग्रामसभेने कुणाशी करार केला, हे बायांना पहिल्या दिवशी फळीवर गेल्यावरच कळावं, हे बरोबर नाही. वनहक्क कायदा 2006 चा आहे, ग्रामसभेला हक्क मिळाले आहेत, मग ग्रामसभेची तारीखही सगळ्यांना आधी समजली पाहिजे.

जत्रा-यात्रांबद्दल थोडक्यात लिहितो. महाशिवरात्रीला आमच्या तालुक्यातल्या प्रतापगडला माणसांचा लोट येतो, चैत्र पौर्णिमेला चंद्रपूरला महाकालीची यात्रा भरते. 'भाविकांची अलोट गर्दी' हे नंतर वाचतो. जादा गाड्या कुठून किती वाजता, हे आधी कळलं तर म्हातारी माणसं उन्हात फाट्यावर ताटकळणार नाहीत. झाडीपट्टीच्या नाटकांचं मात्र पाहा. वडसाच्या मंडळ्या हंगामभर पत्रकं वाटतात, गाडीवर भोंगा लावून फिरतात, म्हणूनच रात्रीच्या थंडीत मंडप भरतो. बैलांच्या शर्यतींना सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये मोकळीक दिल्यापासून शंकरपटांचंही तसंच होतं. म्हणजे आपल्या माणसांना आधी सांगण्याची रीत ठाऊक नाही असं नाही. जिथे तिकीट लागतं तिथे आधी सांगितलं जातं. जिथे जीव आणि पोट आहे, तिथेही सांगावं.

तालुक्याच्या वार्ताहराला मी दोष देत नाही. त्याला जाहिराती आणाव्या लागतात, एका दिवसात चार गावं करावी लागतात, आणि जो फोटो काढून पाठवतो त्याची बातमी लागते. म्हणून मजकूर गोळा करायची जबाबदारी मी घेतो. मी रोज पहाटे या वाटेने जातोच. वनरक्षक, कोतवाल, रोजगार सेवक, ढिवर संस्थेचे सचिव, बाजारातले व्यापारी, सगळे वाटेत भेटतात. दुसऱ्या तालुक्यांत पेपर वाटणारे माझ्यासारखे आहेत, त्यांच्याशी बोललो आहे, त्यांचीही तयारी आहे. मानधन नको. पडताळणी मात्र तुमच्या कार्यालयाने करावी, कारण वाघाबद्दलची चुकीची ओळ छापली गेली तर बाई चुकीच्या वाटेने जाईल.

या पत्रासोबत येत्या शनिवारसाठीचा मजकूर जोडला आहे. आमच्या बीटमध्ये, म्हणजे आमच्या वनरक्षकाच्या हद्दीत, वाघिणीचा वावर कुठल्या भागात आहे आणि उजाडेपर्यंत कुठे जायचं टाळावं, कोणत्या गावच्या तलावावर कोणत्या दिवशी जाळं पडणार, ग्रामसभा कधी, यात्रेच्या गाड्या कधी. माहिती कुणाकडून घेतली त्यांचे फोन वेगळ्या कागदावर आहेत, ते छापायचे नाहीत, खात्री करायला आहेत. जागा कमी पडली तर यात्रेचं काढून टाका, वाघिणीचं सगळ्यात वर घ्या, आणि जमल्यास अक्षर थोडं मोठं ठेवा.

आपला,
एक वृत्तपत्र विक्रेता व वाचक
ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया