४० पौंडांची लाइन साडेसात किलोला तुटली, त्याबाबत

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय: मासेमारीच्या सेटमधली लाइन (दोरी) व लूर (नकली आमिषं) वर्णनाप्रमाणे नसल्याबाबत.

महोदय,

गेल्या महिन्यात तुमच्या ॲपवरून ३,४९९ रुपयांचा 'बास फिशिंग कॉम्बो' मागवला. सात फुटी रॉड, रील, शंभर मीटर ब्रेडेड (पदर विणून केलेली) लाइन, लीडरची, म्हणजे लाइन आणि लूरमधल्या जोडदोऱ्याची, गुंडी आणि सहा लूर, त्यात दोन रबरी बेडूक. खाली चक्क मराठीत लिहिलं होतं, 'मरळसाठी सर्वोत्तम'. त्या एका ओळीवर मी पैसे भरले. तुमच्या चॅटवर तीनदा तक्रार केली, तिन्ही वेळा तेच उत्तर: 'गाठ नीट मारा, ड्रॅग (रीलचा ब्रेक) सैल ठेवा.' म्हणून आता हे पत्र.

रॉड आणि रीलबद्दल माझं काही म्हणणं नाही. रॉडचं टोक नरम, बूड ताठ. गवतातून मासा ओढायला असाच लागतो. भांडण आहे ते लाइन आणि लूरवरून.

मी भंडारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात पिठाची चक्की चालवतो. गावाला मामा तलाव आहे, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. तो मच्छीमार संस्थेकडे ठेक्यानं आहे आणि संस्थेला विचारूनच मी काठावर बसतो. अर्ध्या पाण्यावर कमळाची पानं, पलीकडं शिंगाड्याचे वेल, काठाला बेशरमाची झुडपं. मरळ त्याच गचपणात दबा धरून असते. ती वरची हवा घेते, त्यामुळं पानांच्या फटीत मधूनच 'पुळुक' करून बुडबुडा फुटतो. जिथं फुटला, त्याच्या पुढं रबरी बेडूक टाकायचा आणि पानावरून टुणटुण ओढत आणायचा.

त्या दिवशी सकाळी सहाच्या सुमाराला तसाच टाकला होता. पाणी उसळलं, बेडूक गायब. मनात एक-दोन मोजलं, मग रॉड उचलला. मासा पानांखाली शिरला, लाइन ताणली आणि हातातलं वजन एकदम गेलं. गाठ सुटली असती तर टोकाला कुरळं वेटोळं राहिलं असतं. इथं टोक सरळ होतं, कापसासारखं पिंजलेलं. म्हणजे लाइन मधूनच तुटली. मासा गेला याचं फार नाही, पण तोंडात बेडकाचे दोन आकडे (गळ) घेऊन गेला, ते मनातून जात नाही. शेजारी जाळं आवरणारे आमच्या ढीवर मोहल्ल्यातले काका टोक बोटांत चोळून म्हणाले, "बापा, हे त पोतं शिवाचा दोरा होय."

घरी येऊन टोक टाचणीनं उकललं. पाकिटावर 'आठ पदरी' छापलंय. पदर निघाले चार. पाकिटावर ताकद ४० पौंड, म्हणजे १८ किलोच्या वर. चक्कीवर इलेक्ट्रॉनिक काटा आहेच. लाइन ओली करून लोखंडी पाइपाला दहा वेढे दिले, म्हणजे वरच्या टोकाला गाठच नको. खालच्या टोकाला गुळगुळीत दांडा, त्यालाही दहा वेढे, आणि त्या दांड्याला पिशवी. मग पिशवीत मापामापानं तांदूळ घालत गेलो. पहिल्यांदा दांड्या-पिशवीसकट ७ किलो ४०० ग्रॅमला तुटली. दुसऱ्यांदा ७ किलो १०० ला, तिसऱ्यांदा ७ किलो ९०० ला. तिन्ही वेळा अधेमधे तुटली, वेढ्यांपाशी नाही. गाठीनं ताकद कमी होते हे मलाही ठाऊक आहे, म्हणूनच गाठ मारली नाही. आता तुमच्या 'गाठ नीट मारा'चं काय करायचं?

साधं नायलॉनचं तंगूस ताणतं. लांबवर मासा लागला तर झटक्यातला जोर तंगुसातच जिरतो आणि आकडा रुतत नाही. ब्रेडेड लाइन जवळजवळ ताणत नाही, बारीक असून देठ कापत येते, म्हणून तर गवताच्या तलावात लोक तिला जास्त पैसे देतात. त्या पैशात तंगूस दोनदा आलं असतं.

सोबतच्या माहितीपत्रकात लिहिलंय की प्रत्येक लूरला दोन मीटर फ्लोरोकार्बन लीडर बांधा. फ्लोरोकार्बन हे एक प्लास्टिक, ते पाण्यात बुडतं. तरंगत्या बेडकाला ते बांधलं की बेडकाचं नाक खाली जातं. बेडूक थेट ब्रेडेड लाइनला बांधावा लागतो. हे पत्रक लिहिणाऱ्यानं बेडूक कधी पाण्यात टाकून पाहिला होता का? तसाही तुमचा दुसरा बेडूक पोटाच्या सांध्यातून पाणी पितो. आठ-दहा फेकीत दगडासारखा बुडाला.

उरलेल्या चारपैकी तीन लूर तीन-तीन काट्यांचे क्रँकबेट, म्हणजे माशाच्या आकाराची कडक आमिषं, आहेत. उघड्या पाण्यात ते चालतील, शिंगाड्याच्या वेलात पहिल्याच फेकीला अडकतात. बास हा उत्तर अमेरिकेचा मासा. जपानमध्ये नेऊन सोडला तर तिथंही रुजला. आमच्या तलावात तो नाही. तुमच्या प्रतिनिधीनं मला विचारलं, "तुमच्या भागात बास कुठं मिळतो?" अहो, ते मी तुम्हाला विचारायला हवं. अमेरिकेतलं वर्णन उचलून 'बास'च्या जागी 'मरळ' लिहिलंत, एवढंच झालंय.

परत घ्यायला नकार देताना कारण दिलंत की पाकीट फोडलंय. न फोडता पदर कसे मोजायचे, ते कळवावं.

माझी मागणी: संपूर्ण सेट तुमच्या खर्चानं परत न्यावा आणि ३,४९९ रुपये खात्यात जमा करावेत. नाहीतर लाइन व सहा लूरची रक्कम परत करावी, रॉड-रील मी ठेवून घेतो. आणि 'आठ पदरी', '४० पौंड', 'मरळसाठी सर्वोत्तम' हे शब्द वर्णनातून काढावेत.

ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात द्यायचं असतं. तोवर वाट पाहतो. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर नोंद करीन आणि जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. आयोग भंडाऱ्यालाच आहे, मला लांब पडत नाही.

तुटलेले तीन तुकडे, उकललेलं टोक आणि काट्यावरच्या आकड्यांचे फोटो सोबत जोडले आहेत. उरलेली लाइन जपून ठेवली आहे. तुमचा माणूस आला तर त्याच्यासमोर पुन्हा तांदूळ भरून दाखवतो.

कळावे.

आपला ग्राहक
(नाव, पत्ता व मोबाइल ऑर्डरमध्ये नोंदवल्याप्रमाणे)