मातीचंही ऐका

संपादक साहेब, नमस्कार. 26 जानेवारी 2001 च्या भुजच्या भूकंपात बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी फळीवरचे पितळी डबे धडाधड खाली आले, तो आवाज अजून कानात आहे. भुजपासून एवढ्या लांब अहमदाबादला बिल्डिंगी पडल्या, बांधकामाचा दोष होताच पण नदीच्या गाळानेही हादरे वाढवले. आपल्या विश्वामित्रीकाठीही गाळच आहे ना, आणि टॉवर तर उठतायतच, मग तिथे हादरे मोजणारा एक सेन्सर जमिनीवर नि एक खोल बोअरमध्ये बसवा, छोट्या धक्क्यांच्या दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्या की वरची माती हादरा किती पट वाढवते ते कळतं. मोठ्या धक्क्यात मऊ माती वेगळी वागते, म्हणून लहानमोठ्या सगळ्या धक्क्यांच्या नोंदी वर्षानुवर्षं हव्यात. पालिकेने हे मनावर घ्यावं, कळकळीची विनंती.

एक बडोदेकर