संडास तुंबला की आधी चेंबर उघडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाऊस लागला की काळ्या मातीच्या गावांमधून एकच तक्रार येते: संडासातले पाणी जात नाही. मग ॲसिडच्या बाटल्या ओततात, नाहीतर टँकर बोलावून खड्डा उपसतात. पुष्कळदा दोन्ही खर्च वाया जातात, कारण पाणी नेमके कुठे अडले ते कोणी पाहिलेलेच नसते. ते पाहायला पंधरा मिनिटे पुरतात.

दोन शोषखड्ड्यांच्या संडासात भांडे आणि खड्डे यांच्या मध्ये वाटा फुटणारे चेंबर असते. त्याची फर्शी उचला. भांडे भरलेले आणि चेंबर कोरडे असेल, तर खड्ड्याचा काही दोष नाही. ट्रॅपमध्ये, म्हणजे भांड्याखालच्या पाणी धरणाऱ्या वाकड्या नळीत, किंवा त्यापुढच्या पाइपात काहीतरी अडकले आहे. बहुतेक वेळा चिंधी, सॅनिटरी पॅड, खर्ऱ्याची (सुपारी-तंबाखूची) पन्नी निघते. बांबूची ओली कमची घालून मागेपुढे करा. लोखंडी गज ठोकू नका, ट्रॅप फुटतो.

चेंबरही भरलेले असेल तर खड्ड्याचे झाकण थोडे सरकवा आणि बाजूला होऊन वारा लागू द्या. बिडी-काडी जवळ नको. आतली पातळी पाइपाच्या तोंडापेक्षा खाली दिसली, तर चेंबर ते खड्डा हा पाइपच खचून बसलेला आहे, नाहीतर झाडाच्या मुळ्या आत शिरल्या आहेत. पाइपाच्या तोंडावर पाणी असेल तर खड्डाच पाणी घेत नाही. तो का घेत नाही, हे ऋतूवरून कळते.

भर पावसात तुंबणारा आणि दिवाळीपर्यंत आपोआप उतरणारा खड्डा गाळाने भरलेला नसतो. भोवतीची माती पाणी पिऊन फुगलेली असते, तिच्यात जागाच उरत नाही. असा खड्डा उपसला तर एक-दोन दिवसांत पुन्हा भरतो. शिवाय रिकाम्या खड्ड्याच्या फटी सोडून रचलेल्या विटांच्या जाळीवर ओल्या मातीचा दाब येऊन विटा आत ढासळू शकतात. तेवढे दिवस न्हाणीचे पाणी खड्ड्यात अजिबात सोडू नका आणि पागोळ्या खड्ड्यापासून दूर वळवा. वैशाखातही पातळी उतरत नसेल, तर मात्र खड्डा खरोखर भरला आहे. चेंबरमधली एक वाट विटेने बंद करून दुसरी उघडा. भरलेला खड्डा निदान दोन वर्षे झाकून ठेवा, मग त्यातले खत कोरडे, बिनवासाचे निघते. दोन्ही वाटा एकदम उघड्या ठेवणे ही नेहमीची चूक आहे. त्याने दोन्ही खड्डे बरोबरच भरतात आणि विसावा कुणालाच मिळत नाही.

नवा खड्डा काळ्या मातीत घ्यायचा असेल तर विटांच्या भोवती ३० सेंटिमीटर जाडीचा रेती-गिट्टीचा थर हवाच. मिस्त्री तो टाळतात, कारण खोदकाम वाढते. पाइपाखालीही मुरूम किंवा रेतीची गादी लागते. ही जमीन उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. गादी नसलेला पाइप तिच्याबरोबर वरखाली होतो आणि सांधे सुटतात. ११० मिलिमीटरच्या पाइपाला मीटरमागे साधारण दोन सेंटिमीटर उतार ठेवा. पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने तो कुणालाही तपासता येतो.

न्हाणी आणि संडास एकाच लाइनवर सेप्टिक टँकला जोडले असतील तर न्हाणीत बादलीभर पाणी ओतून संडासाच्या भांड्याकडे लक्ष ठेवा. बुडबुडे आले, गुडगुड झाली, की दोन्ही लाइन जुळतात त्याच्या पुढे अडथळा आहे. सगळ्यांत खालची जाळी आधी उलटते, म्हणून न्हाणीत घाण दिसली तरी दोष न्हाणीचा समजू नका.

वास येणे म्हणजे तुंबणे नव्हे. ट्रॅपमध्ये जेमतेम २० मिलिमीटर पाणी उभे असते. घर बंद असले की आपल्याकडच्या उन्हात ते आटते आणि खड्ड्यातल्या वासाला वाट मोकळी होते. तांब्याभर पाणी ओतले की वास थांबतो. वापरातल्या संडासातही रोज सकाळी ते पाणी गेलेले दिसले तर ट्रॅपला चीर असू शकते. भर उन्हाळ्यात पाइपाच्या रेषेवर हिरवे गवत, भिंतीच्या पायथ्याशी ओल, फर्शीखाली घुशीचे बीळ दिसले तर सांधा गळतो आहे. जवळ विहीर किंवा बोअर असेल तर पाणी लगेच ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून तपासून घ्या आणि तोवर उकळून प्या.

ॲसिड ओतल्यावर ब्लीचिंग पावडर कधीच टाकू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो. सेप्टिक टँकमध्ये तर कुणालाही उतरवू नका, रिकामा दिसला तरीही. आतल्या वायूने माणूस हाक मारायच्या आत पडतो, आणि त्याला काढायला उतरलेलाही. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणूस उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे.

ग्रामपंचायतींना एक विनंती. गल्लीत सिमेंट रस्ता करताना नालीचा तळ घरांच्या पाइपांपेक्षा वर जातो आणि पहिल्याच पावसात नालीचे पाणी घरात उलटते. काम सुरू होण्याआधी प्रत्येक घराच्या पाइपाची पातळी मोजून नालीचा तळ त्याखाली धरावा, आणि ते माप ग्रामसभेत वाचून दाखवावे.

आपले,
प्लंबिंग व गवंडीकाम करणारे मिस्त्री,
दर्यापूर तालुका, जि. अमरावती