कळकलेली तार आणि आईवरचा आळ

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

निघताना तुम्ही म्हणालात, "कुठं लिहिलंस तर माझं नाव टाकू नको, नाहीतर उद्या अख्खा तालुका डिश खांद्यावर घेऊन दारात यायचा." म्हणून नाव टाकत नाही. पण आईचा टीव्ही तुम्ही कसा दुरुस्त केलात ते लिहिल्याशिवाय राहवत नाही. तुमच्याकडे साधा बटणांचा फोन आहे, तेव्हा हे पत्र तुमच्या नातवाने तुम्हाला वाचून दाखवावं. मोठ्याने वाच रे बाळा, आजोबांना डाव्या कानाने कमी ऐकू येतं.

आधी मागचं सांगते, कारण तुम्ही आलात तेव्हा मी रागाच्या भरात अर्धंच सांगितलं होतं. यंदा, म्हणजे २०२५ला, पाऊस २५ मेलाच कोकणात येऊन टेकला. कुणाची कौलं चाळून व्हायची होती, कुणाची लाकडं पडवीत यायची होती. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आईचा टीव्ही बिघडला. पूर्ण नाही. काही चॅनेल लख्ख दिसायची, काहींवर काळा पडदा आणि 'सिग्नल नाही'. न दिसणाऱ्यांत दूरदर्शनचं सह्याद्री होतं. आणि ६ जुलैला आषाढी.

पंढरपूरची शासकीय महापूजा आई दर वर्षी पहाटे अडीचच्या सुमाराला उठून बघते. त्याआधी आंघोळ, समोर निरांजन, आणि मग टीव्हीपुढे पाट. २ ऑक्टोबर १९७२ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं तेव्हा ती गिरगावातल्या चाळीत नवी सून होती. एका बिऱ्हाडात टीव्ही आणि दारात अख्ख्या मजल्याच्या चपला. तेव्हापासून ते चॅनेल तिच्या लेखी माहेरचं माणूस. बाकीची दीडशे चॅनेल गेली असती तर तिने महिनाभर कुणाला सांगितलंही नसतं.

तिने कंपनीला फोन केला. मी तेव्हा डोंबिवलीत. पलीकडून हिंदीत एक बाई, तिच्यामागे गाणं, मग पुन्हा तीच बाई. "टीव्ही बंद करून दहा मिनिटांनी चालू करा." आईने चार दिवसांत चार वेळा बंद करून चालू केला. मग एक मुलगा आला. साडेतीनशे रुपये नुसते येण्याचे. त्याने केबलकडे पाहिलं नाही, डिशकडे पाहिलं नाही, रिमोट हातात घेतला आणि म्हणाला, "आजी, तुम्ही कायतरी दाबलंत. सेटिंग बिघडवलंत." आई म्हणाली, "अरे, पण काही लागतात आणि काही लागत नाहीत, असं कसं?" तो म्हणाला, "तेच ना. कायतरी दाबलंत."

दुसरा आला त्याने फणस धरला. फांदी डिशच्या आड येते म्हणाला. बाबांनी लावलेला फणस तो. फांदी तोडली. शिवाय डिशसमोरच्या दांडीवरचा एलएनबी, म्हणजे उपग्रहाच्या लहरी पकडणारी डबी, नवा बसवला, त्याचे वेगळे पैसे. फणसाची फांदी गेली, पैसे गेले, सह्याद्री काही आलं नाही. त्यावर तो, "मग आजींनीच पुन्हा काही केलं असेल."

मी जूनअखेर घरी पोचले तेव्हा रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून देवघराच्या वरच्या फळीवर ठेवलेला. आई म्हणाली, "मी हात लावत नाही गो. माझ्याकडून बिघडतं." आणि काका, हे तुम्हाला सांगितलं नव्हतं, आता सांगते. फोनवर मीसुद्धा तिला दोनदा विचारलं होतं, "आई, नक्की काय दाबलंस ते आठव ना." त्या दोघांना नावं ठेवताना माझं नाव मी त्यांच्याच रांगेत धरते.

बुधवारी मी देवरुखच्या बाजारात गेले. दुकानदार म्हणाला, जुनं सोडा, नवीन कनेक्शन घ्या, ऑफर चालू आहे. तुम्ही शेजारी उभे राहून बल्बचा होल्डर निरखत होतात. मान वर न करता तुम्ही विचारलंत, "सगळीच गेलीत, की काहीच गेलीत?" तीन आठवड्यांत हा प्रश्न पहिल्यांदा कुणीतरी विचारत होतं. उत्तर मी दिलं, पण ते आईचं होतं. ती पहिल्या दिवसापासून तेच सांगत होती.

गुरुवारी सकाळच्या एसटीने तुम्ही फाट्यावर उतरलात. छत्री, खाकी पिशवी, पिशवीत दोन पाने, पक्कड, पिळाचे कनेक्टर आणि सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा. मला वाटलं, आता डिश फिरवायला सांगतील. तुम्ही ओटीवर बसलात आणि आईला म्हणालात, "वहिनी, कुठली लागतात आणि कुठली लागत नाहीत ती सांगा, मी लिहून घेतो." कालनिर्णयचं जूनचं पान पालथं घालून तुम्ही दोन रकाने पाडलेत. आई सांगत गेली, तुम्ही लिहीत गेलात. एकदा ती अडखळली, "हे कधी लागतं, कधी नाही," तर तुम्ही त्याच्यापुढे फुली मारून म्हणालात, "हेच महत्त्वाचं." आईने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मी पुढची दहा वर्षं विसरणार नाही.

मग तुम्ही आम्हा दोघींना शिकवलंत, तेही आमच्या भाषेत. सेट-टॉप बॉक्स घरात असला तरी वरच्या एलएनबीला वीज केबलमधूनच जाते. काही चॅनेलांसाठी १३ व्होल्ट, काहींसाठी १८. त्या व्होल्टवरून त्याला कळतं की आता उभ्या लहरी घ्यायच्या की आडव्या. वाटेत कुठं गंज चढला तर घरून निघालेले १८ वर पोचेपर्यंत रोडावतात, आणि आडव्या लहरींवरची चॅनेल तेवढी जातात. "वहिनींच्या यादीत अर्धी गेलीत, अर्धी आहेत. म्हणजे डिश जागेवर आहे, उपग्रह जागेवर आहे. चोर मधल्या वाटेवर बसलाय."

डिशला पहिल्यांदा हात लावायचा नाही, हे तुम्ही तीनदा बजावलंत. उपग्रह विषुववृत्ताच्या वर जवळपास ३६,००० किलोमीटरवर. इथं डिशची मान एक अंश हलली तर तिथं नेम सहाशे किलोमीटरनी चुकतो. लोक आधी डिश फिरवतात आणि एका बिघाडाचे दोन करतात. फणसाचं ऐकून तुम्ही कपाळाला हात लावलात. आपल्याकडची डिश समोर बघतेय असं वाटतं, पण दांडी खालून तिरकी आल्यामुळे तो नुसता भास. ती बघते आग्नेयेच्या बाजूला, आकाशात चांगली उंच. फणसाची फांदी तिच्या नजरेच्या कितीतरी खाली होती. आई काही बोलली नाही. उठून आत गेली आणि चहा टाकला.

तुमचे गुडघे शिडी चढू देत नव्हते. मोरीवरच्या स्लॅबवर मीच चढले. "घरात कुणी जेन्ट्स नाही का?" हे वाक्य मी त्या महिन्यात फोनवर दोन वेळा ऐकलं होतं. तुम्ही फक्त पाना माझ्या हातात दिलात आणि सांगितलंत, आधी बॉक्सचा प्लग काढ, चपला काढ, स्लॅबवर शेवाळ आहे, बसून सरक. तुम्ही खाली अंगणात भर पावसात छत्री धरून मान वर करून उभे. घर रंगवलं तेव्हा केबल हलवून तिला मध्येच जोड दिला होता, आणि त्यावर गुंडाळली होती साधी काळी चिकटपट्टी. ती मी सोडवली तशी आतून चमचाभर पाणी ओघळलं. पट्टीने पाऊस बाहेर ठेवला नव्हता, आत कोंडून ठेवला होता. पुढचं जोडकाम मी इथं लिहीत नाही, ज्याला शिकायचं असेल त्याने दोन्ही टोकं धरून कुणा जाणत्यापुढे बसावं. मी तीन कनेक्टर वाया घालवले आणि तुम्ही एकदाही "अगं" म्हणाला नाहीत.

आता ज्यासाठी हे पत्र, ते लिहिते.

जोडाचा खराब तुकडा मी कापला आणि खाली टाकला. मी असते तर तो केराच्या टोपलीत गेला असता. तुम्ही वाकलात (त्या गुडघ्यांनी!), तो उचललात, रुमालाने पुसलात आणि टीव्ही लावून बघायच्याही आधी ओटीवर गेलात. आईच्या तळहातावर तो ठेवून म्हणालात, "वहिनी, हे बघा. तुमच्या हातून काही बिघडलेलं नाही. रिमोटच्या बटणाने हे होत नाही."

आईने चष्मा लावला. तारेचं टोक हिरवंगार झालेलं. तिने ते उजेडात धरलं आणि म्हणाली, "अगो बाय, हे तर कळकलंय!" मग तीच तुम्हाला समजावू लागली, की पितळेच्या भांड्याची कल्हई गेली आणि त्यात ताक राहिलं की असंच होतं, तसलं ताक प्यायलं की पोट बिघडतं. तुम्ही सगळं जाणून होतात, तरी शिष्यासारखी मान हलवत म्हणालात, "अगदी तेच, वहिनी. टीव्हीच्या पोटात कळकलेलं ताक गेलं." आई हसली. मी गावी आल्यापासून पहिल्यांदा.

टीव्ही लागला तो त्यानंतर. खरं सांगू का, तो लागला नसता तरी माझं काम झालं होतं.

मी तेव्हापासून विचार करतेय. त्या दोन मुलांना व्होल्टचं माहीत नसेल असं नाही, शिकूनच आलेली असणार. दिवसाला अमुक इतकी घरं उरकायची असतील, त्यांच्याही डोक्यावर कुणी बसलेलं असेल. पण म्हाताऱ्या माणसावर दोष टाकला की काम लवकर आटपतं, हे त्यांना कुणीतरी शिकवलंय किंवा कुणी शिकवायची गरजच पडलेली नाही. बँकेत तेच, मोबाइलच्या दुकानात तेच. "आजी, तुम्हीच काहीतरी केलं असेल." म्हातारं माणूस वाद घालत नाही, त्याला ते खरंच वाटू लागतं. मग ते एकेका वस्तूवरचा हात काढून घेतं. आज रिमोट, उद्या गॅसचं बटण, परवा फोन. तुम्ही दुरुस्ती केलीत ती केबलची, पण आईचा तो काढून घेतलेला हात तुम्ही परत जागेवर ठेवलात. त्याला कुठल्या कंपनीच्या बिलात रकाना नाही.

बिलावरून आठवलं. तुम्ही चाळीस रुपये मागितलेत, कनेक्टरचे, मी वाया घालवलेले धरून. मी पन्नासची नोट दिली तर दहा परत दिलेत. आईने आठळ्या दिल्या त्या मात्र आढेवेढे न घेता पिशवीत टाकल्यात. हे मला फार आवडलं.

चहा पिताना तुम्ही डोंगरावरच्या प्रक्षेपण केंद्रातल्या नोकरीबद्दल बोललात. पावसाळ्यात वीज गेली की रात्री जनरेटर चालू करायला टेकडी चढायची, कारण खाली गावात लोक बातम्यांसाठी अँटेना धरून बसलेले. आता ती जमिनीवरची केंद्रं जवळपास सगळी बंद झाली, सगळं आकाशातून येतं. तुम्ही ते तक्रारीच्या सुरात सांगितलं नाहीत. एवढंच म्हणालात, "तेव्हा चित्र गेलं तर लोक आम्हालाच शिव्या घालायचे, प्रेक्षकाला नाही." मला वाटतं, तुमचं सगळं शिक्षण त्या वाक्यात आहे.

रविवारी पहाटे आई दोनलाच उठली. पाट मांडला, निरांजन लावलं, आणि रिमोट पिशवीतून काढून स्वतः सह्याद्री लावलं. मी हात पुढे केला होता, तिने तो बाजूला सारला. महापूजा दिसली, विठोबाचा चेहरा पडदाभर दिसला. तारेचा तो तुकडा तिने सुपारीच्या डब्यात ठेवलाय. शेजारची माणसं आली की डबा उघडते, आधी सुपारी, मग तुकडा. "हे कळकलं होतं. माझं काही नव्हतं."

तुम्ही सांगितलं तसं केबल बॉक्सकडे वळवण्याआधी खाली झोळीसारखी सोडली आहे, पागोळीसारखं पाणी तिथंच गळून पडतं. जोडावर सायकलची ट्यूब आहे. विजा चमकू लागल्या की आई प्लग काढते, मला सांगावं लागत नाही.

परवा रात्री धो धो कोसळला आणि मालिका ऐन रंगात असताना चित्र तुकडे तुकडे होऊन गेलं. मी लगेच उठले, बॅटरी घेतली, चपला शोधू लागले. आई जागची हलली नाही. म्हणाली, "बस खाली. ह्या लहरी अडीच सेंटिमीटरच्या, पावसाचे थेंबही जाडे. खातात त्यांना. पाऊस ओसरला आणि तरी दहा मिनिटांत चित्र आलं नाही, तर मग केबल बघायची. तोवर पावसाला पावसाचं काम करू दे." हे तुमचेच शब्द, तिने जसेच्या तसे पाठ केलेत. आम्ही दोघी अंधारात बसून राहिलो. सातव्या मिनिटाला चित्र आलं.

तुमची,
वहिनींची लेक

ता. क. तोडलेल्या जागी फणसाला फुटवा आलाय. कुणी विचारायच्या आधीच आई सांगते, तो डिशच्या आड येत नाही.