‘भेट’ म्हणजे नक्की काय हो, साहेब?

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

साहेब, नमस्कार.

मुलगी लंडनला असते, तिच्याकडे गेलो होतो तेव्हा व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम बघितलं. आत जायला तिकीट नाही, आणि इमारत तर काय सांगू, खोटं कशाला बोला, पहिला तासभर मी नुसता आ वासून फिरत होतो. मग टिपू सुलतानचा तो लाकडी वाघ दिसला, गोऱ्याच्या नरड्याला तोंड लावलेला, भोवती शाळेतल्या पोरांची ही गर्दी. १७९९ ला श्रीरंगपट्टण पडलं आणि लुटीत हा उचलला, सरळ हिशोब. पंजाबच्या महाराजा रणजितसिंहांचं सोन्याचं सिंहासनही तिथेच.

लुटीचं मला तेवढं लागत नाही, ती उघड असते. खटकतो तो ‘भेट’ हा शब्द.

शिवाजी महाराजांची म्हणून ओळखली जाणारी वाघनखं याच म्युझियमकडून उसनी जुलै २०२४ ला साताऱ्यात आली तेव्हा पुतण्याला घेऊन बघायला गेलो. पोलादी पट्टी, दोन अंगठ्या, खाली नखं, केवढीशी ती वस्तू, पण समोर आलं की लोकांचे हात आपोआप जोडले जात होते, माझेही जोडले गेले. आता तिच्यासोबतच्या जुन्या पेटीवर काय लिहिलंय, तर पेशव्यांच्या प्रधानाने ही जेम्स ग्रँट डफ या इंग्रज अधिकाऱ्याला दिली, तो साताऱ्याचा रेसिडेंट, म्हणजे दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी, असताना. डफ साताऱ्याचा कारभार बघायला लागला १८१८ ला, म्हणजे पेशवाई बुडाली तेव्हाच की! आमच्याकडे दम देऊन घेतलेल्या वर्गणीला कोणी देणगी म्हणत नाही, मग हिला भेट कसं म्हणायचं?

आणि हे एकदाच झालं असंही नाही. कोल्हापूरच्या चौथ्या शिवाजी महाराजांनी इंग्लंडच्या युवराजाला, म्हणजे प्रिन्स ऑफ वेल्सला, त्याच्या १८७५-७६ च्या भारत दौऱ्यात तलवार ‘भेट’ दिली, तेव्हा महाराजांचं वय बारा-तेरा. कोहिनूर १८४९ च्या तहात राणीला ‘दिला’ तो रणजितसिंहांचा मुलगा दुलीपसिंह दहा वर्षांचा. दहा वर्षांच्या पोराकडून आपण साधी पावती तरी सही करून घेतो का?

तर साहेब, मागणी एवढीच की वाघनखं जिथे जिथे दाखवाल तिथे ही सगळी हकीकत मराठीत मोठ्या अक्षरात लावा, कोण राज्यावर होतं, कोणाच्या हातात काय उरलं होतं, सगळं. आणि हो, हीच ती अफझलखानाच्या वेळची, हे खात्रीने सांगता येत नाही असं ते म्युझियमच म्हणतं, आपल्याकडच्या काही अभ्यासकांनीही आक्षेप घेतलाय, तेही लपवू नका, लोक काही रडत बसणार नाहीत.

दुसरं म्हणजे यादी. मराठ्यांची कुठली वस्तू परदेशात कुठल्या कपाटात आहे, कशी गेली, याची यादी सरकारने करून लोकांसमोर ठेवावी. २०२५ मध्ये नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार लिलावात सुमारे ४७ लाख मोजून आणलीत, बरंच केलंत, पण लिलावाची बातमी आली की धावायचं असं किती दिवस चालणार?

वाघनखं तीन वर्षांच्या बोलीवर उसनी आणलीत, म्हणजे २०२७ ला मुदत संपते. तिथल्या १९८३ च्या कायद्यामुळे म्युझियमला वस्तू सहजासहजी कायमची देता येत नाही, हे मलाही कळतं. पण मुदत वाढवून मागितली आहे का, की खोके बांधायला घेतलेत, तेवढं आत्ताच सांगून टाका, पुतण्या रोज विचारतोय.

आपला,
साताऱ्याचा एक रहिवासी