डोक्याचं काय ते कळव

चि. ओंकार,

अनेक आशीर्वाद.

परवा रेंज गेली असं मी आईला सांगितलं. फोन मी कट केला, हे तुला माहीत आहे. "शिकायला पाठवलंय की डोकं फोडून घ्यायला?" असं बोलून गेलो, ते अजून मनातून जात नाही. म्हणून लिहायला बसलो. डोक्याविषयी यात एक अक्षर काढायचं नाही, असं ठरवूनच बसलोय.

अमेरिकेतल्या कार्लाइलहून पाठवलेला तुझा फोटो मोठा करून पाहिला. पांढऱ्या दगडांच्या रांगा, आणि त्याखाली तिथल्या जुन्या शाळेतली पोरं पुरलेली. काही दगडांवर तर नावच नाही. तेव्हापासून रोज रात्री दुकान बंद केलं की त्या शाळेबद्दल वाचतोय. १८७९ साली लष्कराच्या जुन्या बराकीत ती काढली. मूळ रहिवासी जमातींची लेकरं घरापासून कुठल्या कुठं आणली, त्यांचे केस कापले, आईची भाषा बोलायला बंदी घातली. आणि त्याच शाळेच्या पोरांनी फुटबॉलमध्ये, म्हणजे तिकडचा तो चेंडू हातात घेऊन पळायचा खेळ, त्यात भल्याभल्यांना लोळवलं!

१९१२चा हंगाम मला आता पाठ झालाय. चौदा सामने, त्यातले बारा जिंकले, एक बरोबरीत, एकच हरले. बरेचसे परगावी जाऊन. त्यांचा खेळाडू जिम थॉर्प त्याच उन्हाळ्यात स्टॉकहोमहून ऑलिंपिकची दोन सुवर्णपदकं घेऊन आलेला. आदल्या वर्षी पायाला पट्ट्या बांधून हार्वर्डविरुद्ध उतरला होता आणि १८-१५ असा सामना काढला होता. त्याचा बाप तो शाळेत आला त्याच वर्षी गेला. लेकाचा एक सामनाही त्याला बघायला मिळाला नाही. हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं.

९ नोव्हेंबरला वेस्ट पॉइंटवर लष्कराच्या कॅडेटांशी गाठ पडली. वुंडेड नी या ठिकाणी सैन्याने मूळ रहिवाशांच्या बायका-पोरांना मारलं, त्याला जेमतेम बावीस वर्षं झालेली. आणि निकाल काय, तर कार्लाइल २७, लष्कर ६. दुकानात एकटा होतो, तरी टाळी वाजवली.

त्या लष्कराच्या संघात आयझेनहॉवर होता, पुढं राष्ट्राध्यक्ष झाला तो. थॉर्पला अडवायला गेला होता. पुढच्याच आठवड्यातल्या सामन्यात त्याचा गुडघा दुखावला आणि खेळ कायमचा सुटला. गुडघाच होता म्हणून निभावलं. डोकं असतं तर?

बघ, आलंच.

मग लिहितोच. १९०५ सालच्या एका हंगामात तिकडं दीड डझन तरुण पोरं या खेळात जिवानिशी गेली. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनी हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनच्या माणसांना व्हाइट हाउसवर बोलावून घेतलं. त्यांचा स्वतःचा मुलगा हार्वर्डच्या पहिल्या वर्षाच्या संघात होता, पुढच्याच महिन्यात त्याचं नाक फुटलं. मग १९०६पासून नियम बदलले, चेंडू पुढं फेकायची मुभा मिळाली. त्यांचा खेळ रग्बीतूनच निघालेला, आणि तू तर रग्बीच खेळतोस, तेही हेल्मेट न घालता. दहा मिनिटं काही आठवत नव्हतं म्हणालास, आणि हसलास. त्यात हसण्यासारखं काय होतं रे? अशा वेळी पुन्हा मैदानात उतरायचं नसतं. कोच काहीही म्हणो, मित्र काहीही म्हणोत. दुसरा मार पहिल्यापेक्षा वाईट असतो, हे तुला कितीदा...

जाऊ दे. पुन्हा भाषण सुरू झालं. माफ कर.

तू पाच-सहा वर्षांचा असशील. पेठेचा सामना होता, शाहू स्टेडियमला पाय ठेवायला जागा नव्हती. माझ्या खांद्यावर बसून माझे केस मुठीत धरले होतेस, आणि गोल झाला तेव्हा इतक्या जोरात ओढलेस की डोळ्यांत पाणी आलं. घरी येताना म्हणालास, "पप्पा, मला दिलीपकाकाच्या नंबरचा शर्ट पाहिजे." तुझी आई एकदम गप्प झाली. मी तो शर्ट शिवून आणला. आणायला नको होता, असं तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही.

दिलीप आणि तो खालच्या गल्लीतला पोरगा, दोघं एकाच चेंडूला हेडर मारायला उडाले होते. दिलीप उठला, हसला, शेवटपर्यंत खेळला. सायकलवर मला डबलसीट घेऊन घरी आला. त्यापुढचं तुला माहीत आहे.

आईला मी तुझ्या दहा मिनिटांचं सांगितलेलं नाही. सांगणारही नाही, पण डॉक्टरांच्या कागदाचा फोटो आधी माझ्या नंबरवर पाठव. डोकं दुखतंय का, उजेड सहन होतो का, रात्री झोप लागते का, तिन्ही लिही. "ठीक आहे" एवढंच लिहू नकोस.

डॉक्टरांनी हो म्हटलं तर पुढचा सामना तिकडच्या किती वाजता आहे तेही कळव. इथं रात्र असेल, पण मी जागा राहीन.

तुझा,
पप्पा